तेरा पॉइंट एक

"अहो, डावीकडचं वर गेलंय."

"काही वर गेलं नाही. तुझी खुर्ची तिरकी आहे."

"खुर्ची तिरकी असती तर मी पडले असते. डावीकडचं वर गेलंय म्हणते ना!"

बॅटरीवाला ट्रेलरच्या छपरावर पालथा पडला होता. त्याने तोंडात धरलेले दोन स्क्रू हातात घेतले, पट्टी लावून पाहिली आणि डावीकडचं सोलर पॅनेल बोटभर खाली सरकवलं. खालून हसण्याचा आवाज आला आणि त्यामागोमाग खोकल्याचा. खोकला थांबेपर्यंत तो हातात स्क्रू घेऊन तसाच पडून राहिला. मग त्याने ड्रिल पुन्हा सुरू केलं.

बायको अंगणात भिंतीच्या सावलीत बसली होती. तिच्या नाकातली नळी मांडीवरून, खुर्चीच्या पायाशी वळसा घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत गेली होती. आत ओट्याशेजारी ऑक्सिजनचं मशीन घुर्र घुर्र करत होतं. नळी पंधरा फूट होती. "दावं आहे माझं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "दारापर्यंत जाते, पुढे गेलं की हिसका बसतो."

ट्रेलर लहान होता, गाडीच्या मागे जोडून न्यायचा. दोन चाकं, एक पलंग, एक शेगडी, एक खिडकी. सव्वीस वर्षांपूर्वी आणला त्या दिवशी बायकोने त्याला काडेपेटी असं नाव ठेवलं आणि तेच टिकलं. दरवर्षी आठ दिवस काडेपेटी घेऊन ते तळ्यावर जायचे. मुलगी लहान असताना तिघं एका पलंगावर झोपायची आणि सकाळी कोणाचा पाय कोणाच्या तोंडात होता यावरून भांडायची. मुलीचं लग्न झालं, मग दोघंच जाऊ लागले. गेल्या दोन वर्षांत तेही नाही. बायकोची फुप्फुसं कडक होत चालली होती. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला होता. बॅटरीवाल्याला त्यातलं काही कळलं नाही, पण डॉक्टरांनी फोटो खाली ठेवताना जो वेळ घेतला तो कळला.

घरी येताना गाडीत ती म्हणाली, "तळ्यावर तीन रात्री. चौथी मागणार नाही."

मुलगी फोनवर ओरडली होती. "बाबा, तिथे वीज नाही. दवाखाना दीड तासावर. आईचं मशीन कशावर चालवणार तुम्ही?"

"बॅटरीवर."

"कुठल्या? ती काडेपेटीतली? त्यावर दिवा धड लागत नाही!"

"मला बॅटरी शिकवू नकोस."

हे मात्र खरं होतं. चाळीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. बाजाराच्या मागच्या बाजूला त्याचं दुकान होतं, आठ फूट बाय दहा फूट. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, दवाखान्यातल्या, लग्नाच्या बँडवाल्यांच्या बॅटऱ्या तिथे यायच्या. शिशाच्या, अंग मोडेल इतक्या जड. तो झाकणं उघडायचा, ॲसिड ओढून काचेच्या नळीत बघायचा, पाणी घालायचा, रात्रभर हलक्या करंटवर ठेवायचा. लोकांनी भंगारात टाकायला काढलेल्या बॅटऱ्या त्याने उठवून बसवल्या होत्या. त्याच्या एकूण एक शर्टाला ॲसिडची भोकं होती. "यांच्या शर्टातून चहा गाळता येतो," असं बायको म्हणायची.

शिशाची बॅटरी त्याला माणसासारखी वाटायची. थकली की सांगते. बारा पॉइंट सात म्हणजे भरलेली, बारा पॉइंट दोन म्हणजे अर्धी, बाराच्या खाली गेली की दिवा पिवळा पडतो, पंखा दमतो, आणि माणसाला उठून काही करायला वेळ मिळतो.

पण कॅलेंडरच्या पाठीवर त्याने हिशेब मांडून पाहिला तेव्हा जुन्या बॅटरीवर मशीन जेमतेम दोन तास निघत होतं. शिशाच्या सहा बॅटऱ्या घेतल्या तर काडेपेटीचं चाक बसलं असतं. मग नाक मुठीत धरून तो लिथियमच्या दुकानात गेला. आयुष्यभर तो त्या बॅटऱ्यांना खेळण्यातल्या बॅटऱ्या म्हणत आला होता.

दुकानात तिशीतली एक बाई होती. चष्मा डोक्यावर, हातात टेस्टर. तिने बॅटरी काउंटरवर ठेवली. बॅटरीवाल्याने सवयीने कंबर वाकवून, श्वास घेऊन ती उचलली, आणि ती एवढी हलकी निघाली की त्याचा तोल मागे गेला.

"रिकामी आहे का ही?"

"भरलेली आहे काका. दोनशे अँपिअर."

त्याने ती उलटसुलट करून पाहिली. झाकण नव्हतं. भोक नव्हतं. काळा गुळगुळीत डबा आणि वर दोन बोल्ट.

"उघडायची कुठून?"

"उघडायची नसते."

"मग बघायची कशी?"

बाईने एक लहान गोल मीटर पुढे केला. "हा लावायचा. आत किती गेलं, बाहेर किती गेलं, सगळं मोजतो. टक्केवारी दाखवतो. लिथियमला हा लागतोच."

"व्होल्टमीटर आहे माझ्याकडे."

"व्होल्टेजवरून हिचं काही कळत नाही काका. तेरा पॉइंट एक दाखवत असेल तर ती बरीच भरलेली असू शकते आणि अर्ध्याच्या खालीही असू शकते. शेवटपर्यंत तेरा तेरा करत राहते आणि मग एकदम बंद. आतलं सर्किटच तोडून टाकतं."

"चाळीस वर्षं बॅटऱ्यांची नाडी बघतोय मी."

"तेच सांगतेय. हिला नाडी नाही. तुमचं जुनं गणित इथे चालायचं नाही."

तिने हे चांगल्या मनाने सांगितलं होतं. पण शेजारी एक गिऱ्हाईक उभं होतं, आणि ते हसलं. बॅटरीवाल्याने मीटर उचलून पुन्हा तिच्यासमोर ठेवला. "बाकीचं बांधा," तो म्हणाला.

पुढे, बायको गेल्यावर, हा प्रसंग त्याने कोणाला सांगितला नाही. मुलीलाही नाही.

काम मात्र त्याने जीव ओतून केलं. बॅटरी पलंगाखाली बसवली, पट्ट्याने आवळली. जाड वायरी ओढल्या, टोकं दाबून घट्ट केली, फ्यूज घातला. मशीनसाठी इन्व्हर्टर बसवला. छपरावर दोन पॅनेल, त्यांना बारा स्क्रू. वादळ आलं तरी हलणार नाहीत असे. पहिल्यांदा बटण दाबलं आणि काडेपेटीत मशीन घुरघुरू लागलं तेव्हा बायको पलंगाच्या कडेवर बसून टाळ्या वाजवत होती.

"किती वेळ चालेल?"

"रात्रभर, शिवाय दिवसा चार-पाच तास. दुसऱ्या दिवशी उन्हात भरून निघेल. असं कितीही दिवस."

"मग मी तीनच का मागितल्या?"

दुपारी दोनला ते तळ्यावर पोचले. त्याने काडेपेटी मुद्दाम उघड्यावर लावली, ऊन सरळ छपरावर पडेल अशी. बायकोने पाण्याकडे पाहिलं आणि मग डावीकडच्या मोठ्या झाडाकडे पाहिलं. दरवेळी ते त्या झाडाखाली राहत आले होते.

पहिली रात्र सुखात गेली. मशीन एका लयीत चाललं. बायको पहाटे उठून खिडकीशी बसली तेव्हा तळ्यावर धुकं होतं आणि त्यातून एक होडी जाताना नुसता वल्ह्याचा आवाज येत होता. त्याने चहा केला. ती म्हणाली, "घरी मला सकाळ दिसतच नाही. भिंत दिसते." त्याने मुलीला फोन लावून मशीनचा आवाज ऐकवला. "ऐक. आईचं इंजिन." मुलगी हसली. खूप दिवसांनी हसली.

व्होल्टमीटर तेरा पॉइंट एक दाखवत होता. रात्रभर मशीन ओढूनही! शिशाची असती तर एव्हाना गळपटली असती. खेळण्यातली म्हणून हिणवलेल्या त्या डब्यावर त्याने हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं पडलं, म्हणजे बॅटरीसाठी चांगलं. अकरापर्यंत काडेपेटीचा पत्रा इतका तापला की आत हात टेकवेना. बायकोला दुपारी आडवं व्हावंच लागायचं. ती पलंगावर पडली, आणि तिच्या गळ्याजवळचा खळगा आत-बाहेर होऊ लागला.

"झाडाखाली घ्या ना," ती म्हणाली.

"तिथे ऊन नाही."

"म्हणूनच म्हणतेय."

तो बाहेर येऊन उभा राहिला. वर बघितलं, झाडाकडे बघितलं. बॅटरीला ऊन हवं होतं आणि बायकोला सावली, आणि दोन्ही एकाच छपराखाली होती. पॅनेल सुटी करून उघड्यावर ठेवावीत म्हणून त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला, छपरावर चढला. स्क्रूंवर त्याने स्वतःच पाणी शिरू नये म्हणून लेप भरला होता. तो दगडासारखा वाळला होता. पहिल्याच स्क्रूचं डोकं घासून गुळगुळीत झालं. खालून खोकला ऐकू येत होता. त्याने आत जाऊन व्होल्टमीटर पाहिला. तेरा पॉइंट तीन.

"काठोकाठ आहे," तो म्हणाला. "चल, झाडाखाली जाऊ."

"नक्की ना?"

"तेरा आहे गं. बाराच्या वर कधी कुठली बॅटरी रिकामी बघितली आहेस?"

झाडाखाली ती निवली. दुपारभर पलंगावर टेकून उघड्या दारातून पाणी बघत बसली. मुलगी लहानपणी काठावरच्या दगडावरून पाण्यात पडली होती, ती गोष्ट तिने पुन्हा सांगितली, आणि प्रत्येक वेळी करायचा तसाच त्याचा उद्धार केला. "मूल बुडतंय आणि हे आधी चपला काढतायत!"

"नव्या होत्या," तो म्हणाला.

ती दिवसा एरवी मधूनमधून नळी काढून ठेवायची. आज काढत नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं होतं. मशीनचा आवाजही थोडा भरल्यासारखा वाटत होता. दोन वाजता त्याने मीटर बघितला, तेरा पॉइंट एक. चार वाजता, तेरा. त्याचा जीव भांड्यात पडला. तो बाहेर येऊन बटाटे सोलायला बसला.

पाच वाजायच्या सुमाराला आवाज थांबला.

दिवा पिवळा पडला नाही, पंखा दमला नाही. घुरघुर चालू होती आणि पुढच्या क्षणाला नव्हती. मशीनने एक लांब शिट्टी मारली आणि तेही गप्प झालं.

तो आत धावला. बायको उठून बसली होती. "काही नाही, काही नाही," ती म्हणत होती, जणू त्यालाच काहीतरी झालं होतं. त्याने कोपऱ्यातला लहान सिलिंडर ओढला, नळी त्याला लावली, चावी फिरवली. सूंऽऽ असा आवाज सुरू झाला. तो सिलिंडर दोन तासांचा होता.

मग त्याने पलंगाखालची फळी उघडली. फ्यूज बघितला, ठीक होता. टोकं हलवून बघितली, घट्ट होती. मीटरचा पडदा कोरा. त्याने डब्याला हात लावला. गार. त्याने तो थोपटला. कान लावला. चाळीस वर्षं मेलेल्या बॅटऱ्या उठवणारा माणूस गुडघ्यांवर बसला होता आणि समोरच्या डब्याला उघडायला झाकण नव्हतं, घालायला पाणी नव्हतं, बघायला काही नव्हतं.

त्याने दुकानातल्या बाईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"संपली आहे काका. स्वतःला बंद करून घेतलंय तिने. पॅनेलवर ऊन पडलं की जागी होईल."

"ऊन गेलं इथलं."

"मग उद्या सकाळी."

"गाडीचं इंजिन चालू करून तिला जोडू?"

"नाही, नाही, थेट नका जोडू! ही एवढा करंट ओढेल की गाडीचा डायनामो जळेल." मग तिने विचारलं, "तुम्ही म्हणाला होतात ते काकूंचं मशीन आहे का त्यावर?"

तो "ठीक आहे" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. न घेतलेल्या मीटरबद्दल ती बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानंतर त्याने जे केलं ते हातांनीच केलं, डोकं त्यात नव्हतं. काडेपेटीतला इन्व्हर्टर स्क्रू काढून सोडवला. गाडीचं बॉनेट उघडलं. तिथली शिशाची बॅटरी ओळखीची होती, त्यानेच दोनदा पाणी घालून वाचवलेली. तिला जाड वायरी आवळल्या, खिडकीतून आत घेतल्या, इन्व्हर्टर पुढच्या सीटच्या पायाशी ठेवला, मशीन मागच्या सीटवर. इंजिन चालू केलं. घुर्र घुर्र पुन्हा सुरू झालं. बायकोला त्याने एका हाताने कमरेला धरून आणि दुसऱ्या हातात सिलिंडर घेऊन गाडीत आणलं. वीस पावलं. मध्ये दोनदा थांबावं लागलं. सीटवर बसवून नळी मशीनला लावली आणि सिलिंडर बंद केला. रस्त्यासाठी तो राखून ठेवायला हवा होता.

नळी लावताना त्याला मशीनवरचा, ऑक्सिजन किती सोडायचा तो आकडा दिसला. तीन.

"दोनवर होतं ना हे?"

ती समोर काचेतून बघत होती. "सकाळपासून तीनवर आहे."

"मग सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काडेपेटी गाडीला जोडून घरी निघाला असतात."

तीनवर मशीन किती जास्त ओढतं हे त्याच्या डोक्यात आपोआप मांडलं जात होतं, आणि त्या उत्तराचा आता कोणालाच उपयोग नव्हता. तो गोल मीटर असता तर सकाळीच सांगून मोकळा झाला असता.

"माझी चूक आहे," तो म्हणाला. "मी मीटर घेतला नाही. ती बाई म्हणाली होती घ्या म्हणून."

"मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"घरी आल्यावर दोन दिवस त्या बाईला शिव्या देत होतात. तुमचं चुकलं असलं की तुम्ही असंच करता." तिने श्वास घेतला. "आता निघायचं का?"

"निघायलाच हवं. काडेपेटी राहू दे इथे, नंतर नेऊ."

"दिवस बुडेपर्यंत थांबू?"

त्याने पेट्रोलचा काटा बघितला. काटा अर्ध्यावर होता. त्याच्यावर भरवसा ठेवता येत होता. "बुडेपर्यंत," तो म्हणाला.

इंजिन चालू ठेवून दोघं गाडीत बसून राहिले. तो पाय ॲक्सिलरेटरवर हलका दाबून होता. तळं समोरच्या काचेत होतं. तांबूस झालं, मग करडं होऊ लागलं. पलीकडे तीस पावलांवर एक तंबू होता. अर्ध्या तासाने तिथून एक माणूस खांद्यावर टॉवेल टाकून तावातावाने आला आणि त्याने बॅटरीवाल्याच्या खिडकीवर टकटक केली.

"काका, गाडी बंद करा की! धूर येतोय तिकडे. लोक इथे शांततेसाठी येतात, आणि तुम्ही आपले..."

मग त्याला पलीकडे बायकोच्या नाकातली नळी दिसली. बॉनेटमधून आलेल्या वायरी दिसल्या. त्याचा हात खिडकीच्या काचेवरच राहिला.

"आम्हीपण शांततेसाठीच आलो होतो हो," बायको वाकून म्हणाली. "पण मी आवाज करते. जरा वेळ सोसा."

"नाही, नाही काकू. बसा तुम्ही. काही आणू का? काही लागलं तर..."

"तुमचा स्वयंपाक झाला का? यांचे बटाटे सोलून तसेच राहिलेत. घेऊन जा, काळे पडतील."

तो माणूस खरोखरच काडेपेटीशी गेला, भांडं उचललं, आणि काय करावं न सुचून भांडं छातीशी धरून उभा राहिला. मग तंबूकडे निघून गेला. थोड्या वेळाने तिकडचा रेडिओ बंद झाला.

सूर्य गेला. टेकडीवर एक रेघ तेवढी राहिली. बॅटरीवाल्याने हेडलाइटच्या बटणाला हात घातला.

"एक करा," बायको म्हणाली. "मिनिटभर बंद करा."

"काय?"

"इंजिन. किती वेळ नुसती घुरघुर ऐकतेय. पाणी ऐकू दे मला."

"अगं, मशीन बंद पडेल. थांब, सिलिंडर लावतो."

"तो सूं करतो. नको."

"असं कसं चालेल?"

"एक मिनिट. मरत नाही मी एका मिनिटात."

त्याने तिच्याकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिने तिच्या बाजूची काच आधीच खाली घेतली होती.

त्याने किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं, मागच्या सीटवरचं मशीन शिट्टी मारून गप्प झालं, आणि मग काहीच नव्हतं. हळूहळू ते आलं. काठावरच्या दगडांमध्ये पाणी शिरत होतं आणि परत जात होतं. लांब कुठेतरी काहीतरी डुबुक वाजलं. झाडात एक पाखरू जागा बदलत होतं.

त्याने मनगट वर धरलं होतं आणि सेकंदकाटा बघत होता. वीस. तीस. तिचा खांदा उचलला जात होता, खाली येत होता, पुन्हा उचलला जात होता. चाळीस. तिचे ओठ काळपट दिसत होते, की अंधारच पडत होता, ते त्याला सांगता आलं नसतं. पंचावन्न. त्याने किल्ली धरली.

बायकोने पाण्यावरची नजर न काढता एक बोट वर केलं. थांबा.

त्याची बोटं किल्लीवर तशीच राहिली. तिचं बोट अजून वर होतं.